वांग्याच्या मुळावर टोमॅटो

नेरूळच्या आमच्या घराला गॅलरी आहे असं म्हणायचं इतकंच. ग्रिल बाहेर काढून मिळवलेला तो पट्टा आहे. त्यात वॉशिंग मशीन, कपड्यांच्या दोऱ्या आणि उरलेल्या जागेत माझ्या कुंड्या. सकाळचं ऊन तिथे चांगलं येतं, म्हणून मी दरवर्षी टोमॅटो लावायचे. आणि दरवर्षी ते मरायचे.

मरण्याची रीत ठरलेली होती. रोप जोमानं वाढायचं, फुलं यायची, हिरवी फळं धरायची आणि मग एखाद्या दुपारी सगळी पानं खाली लोंबायची. पिवळी नाहीत, किडलेली नाहीत, नुसती मलूल. माती ओली असायची, तरी झाड पाण्यावाचून राहिल्यासारखं दिसायचं. संध्याकाळी जरा सावरायचं, मग तेही बंद व्हायचं. मी ते उपटून टाकायचे आणि पुढच्या वर्षी त्याच मातीत दुसरं लावायचे. माती बदलायला हवी हे कळत होतं. पण आमची बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, आणि मातीचं पोतं तिसऱ्या मजल्यावर चढवायचं म्हणजे कुणाला तरी सांगा, त्याची वाट बघा, जिना झाडा. तेवढं अंगात उरत नसे.

ज्या वर्षाचं सांगते आहे त्या वर्षी तर काहीच उरत नव्हतं. पावसाळ्यात ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, म्हणजे भिंत धरून बाथरूमपर्यंत जाता येईल इतका. हात आला नाही. बोललेलं सगळं कळायचं, पण स्वतःचा एकेक शब्द काढायला वेळ लागायचा. हे तुर्भ्याच्या एका कारखान्यात टूलरूमला होते, साचे-हत्यारं घडवायला. केसाएवढा फरक बोटांना कळायचा त्यांच्या. आता शर्टाची बटणं मी लावून द्यायचे, आणि ती लावत असताना हे खिडकीकडे बघत राहायचे.

मी महापेला एका कंपनीत अकाउंट्सला होते. सकाळी ह्यांचं आवरायचं, दुपारचं ताट झाकून ठेवायचं, पाण्याची बाटली डाव्या हाताला, मोबाईल डाव्या हाताला, आणि बस गाठायची. खालच्या मजल्यावरच्या एका वहिनींकडे आमच्या घराची किल्ली असायची. दुपारी त्या वर येऊन ह्यांचं जेवण झालं का बघून जायच्या. वहिनी मूळच्या इथल्याच, खाडीकाठच्या गावातल्या. आमची बिल्डिंग उभी आहे त्या भागात कधीकाळी त्यांच्या सासऱ्यांचं भात पिकायचं. आता गावातल्या खोल्यांचं भाडं येतं आणि त्या मुलाबरोबर फ्लॅटमध्ये राहतात. पण कंपाऊंडच्या भिंतीमागची हातभर जागा त्यांनी सोडलेली नाही. तिथे मिरच्या, अळू, काय काय चालू असतं.

आठवड्यातून एक-दोनदा फिजिओथेरपी करायला एक मुलगी यायची. गोड मुलगी, सारखी हसणारी. तिनं ह्यांना हाताच्या व्यायामासाठी हिरव्या रंगाची एक पुट्टी दिली होती, मळलेल्या कणकेसारखी. "काका, टीव्ही बघता बघता दाबत राहायची. मज्जा येते." हे ती पुट्टी टीव्हीच्या डोक्यावर ठेवून द्यायचे. मी खाली काढून ठेवली की परत वर. त्यावरून मी आधी बोलायचे, मग बोलेनाशी झाले. संध्याकाळी घरात शिरलं की चपला काढण्याआधी मला दिसायचं, की सकाळी ज्या कोनात खुर्ची होती त्याच कोनात आहे. मग मी चहा ठेवायचे.

डिसेंबरातल्या एका रविवारी टोमॅटोनं नेहमीसारखी मान टाकली. मी पिशवी घेऊन गॅलरीत गेले आणि बुंध्याला हात घातला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांब."

मी वळून पाहिलं. हे भिंत धरून दारापर्यंत आले होते. कुणी न सांगता उठून आले होते, हेच मला आधी लक्षात आलं.

"ग्लास," हे म्हणाले. "काचेचा. पाणी."

मला वाटलं तहान लागली. मी स्टीलच्या भांड्यात पाणी आणलं, तर मान जोरात हलवली. "काचेचा." मग काचेचा ग्लास आणला. ह्यांनी मला खोडाचा बोटभर तुकडा कापून पाण्यात लोंबता धरायला लावला. मी धरून उभी राहिले. गॅसवर भाजी होती, मशीनमधले कपडे वाळत घालायचे होते, आणि मी पाण्यात काडी धरून उभी. थोड्या वेळानं कापलेल्या टोकातून पांढरा धागा खाली उतरायला लागला. पातळ दुधाचा असावा तसा. हळूहळू सगळं पाणी गढूळलं.

"रोग," हे म्हणाले. "मातीत. मुळातून... वर."

"कुणी सांगितलं?"

त्यांनी मोबाईल दाखवला. दिवसभर हे क्रिकेट बघत असतील असं मी धरून चालले होते. डाव्या अंगठ्यानं त्यांनी एक व्हिडिओ लावला. कुणीतरी माणूस हिंदीत समजावत होता, चेहरा अर्धा चौकटीबाहेर. टोमॅटोच्या मुळाला हा रोग लागतो, रानवांग्याच्या मुळाला सहसा लागत नाही, म्हणून खाली रानवांगं ठेवायचं आणि वर टोमॅटोचा शेंडा बसवायचा. आंब्याचं कलम मला माहीत होतं. टोमॅटोसारख्या दोन-चार महिन्यांच्या झाडाला कुणी एवढं करत असेल असं वाटलं नव्हतं.

"आपण करू," हे म्हणाले.

'आपण' म्हणजे कोण, हे मला तेव्हाच कळलं होतं.

रानवांगं खालच्या वहिनींच्या भिंतीमागेच होतं. काटेरी खोडाचं, आपोआप उगवलेलं. मी फळं मागितली तर त्यांना हसू आलं.

"ते? ते कोन खातं? कडू जहर हाय."

"खायला नाही, बी पाहिजे. त्याच्यावर टोमॅटो लावायचाय."

"भावजींनी सांगितलंन?"

"हो."

वहिनी लगेच भिंतीमागे जाऊन पदर भरून फळं घेऊन आल्या. दहा कुंड्यांना पुरून उरेल इतकी.

बी वाळवून ठेवलं आणि उन्हाळा गेला. त्या उन्हाळ्याचं सांगण्यासारखं काही नाही. रिपोर्ट, औषधं, इस्त्रीचे कपडे, मार्च अखेरीचं ऑफिसचं काम. मुलगी बंगळूरहून दोन वेळा येऊन गेली आणि दोन्ही वेळा मला म्हणाली, "आई, तू किती बारीक झालीस." ह्यांनी मात्र बियांचा विषय सोडला नाही. पाऊस स्थिरावला तसं रोज संध्याकाळी मी दारात आले की एकच शब्द. "पेरलंस?" एक दिवस कंटाळून, अंगावरची साडीही न बदलता पेरलं. रानवांगं उगवायला फार वेळ घेतं, म्हणून ते आधी, टोमॅटो बऱ्याच नंतर. दोघांची खोडं सारख्या जाडीची झाली पाहिजेत, पेन्सिलीच्या शिशाएवढी. हे रोज सकाळी ती बघायचे. नुसत्या नजरेनं सांगायचे, हे बारीक आहे, हे झालं.

कलमाचं काम एका शनिवारी काढलं. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, नवं ब्लेड, डेटॉल, आणि सांधा धरायला रबरी नळीचे चिरलेले बारीक तुकडे. हे समोर बसले. वांग्याचं रोप दोन पानांच्या वर आडवं कापायचं, कापलेल्या खोडात मधोमध चीर द्यायची. टोमॅटोचा शेंडा घ्यायचा, त्याची पानं कमी करायची, टोकाला दोन्हीकडून तासून पाचर करायची आणि ती चिरेत बसवायची. ऐकायला सोपं आहे. पण ते खोड म्हणजे पाण्यानं भरलेली काडी. जरा दाब पडला की चेंगरतं.

"तिरकं," हे म्हणाले.

मी तिरकं कापलं.

"नाही. लांब. तिरकं."

पुन्हा कापलं. तुकडा टेबलावरून खाली पडला. दुसरा घेतला.

"हलवू नको. एकदाच... एकदाच कापायचं."

"मला चष्म्यातून नीट दिसत नाहीये."

"तिरकं म्हटलं."

"मी काय तुमच्या कारखान्यातली हेल्पर आहे का?" मी ब्लेड खाली ठेवलं. "आठवडाभर तिकडे आकडे बघायचे, इकडे तुमचं बघायचं, आणि सुट्टीच्या दिवशी ही चार आण्याची झाडं. मला नाही जमत. नाही जमत मला."

ह्यांना काही म्हणायचं असतं तरी शब्द निघेपर्यंत मी आत गेले होते. पलंगावर आडवी झाले आणि झोप लागली. दुपारी कधीच न झोपणारी मी, दिवेलागणीला उठले. टेबल तसंच होतं. भांडणाआधी कशीबशी बसवलेली दोन-चार कलमं पुढच्या दोन-तीन दिवसांत काळी पडून मेली.

पुढच्या आठवड्यात एक दिवस ऑफिसमधून आले तर खुर्ची जागेवर नव्हती. खुर्ची टेबलाला लागली होती आणि हे टेबलावर वाकले होते. टीव्ही बंद होता. वहिनी बाजूला उभ्या होत्या, हातात पाण्याची पिचकारी.

"वैनी, हलू नका तिथं," त्या मला दारातच म्हणाल्या. "वारा लागतो म्हनतायत."

मी तशीच उभी राहिले. त्या हिरव्या पुट्टीचा गोळा टेबलावर चिकटवलेला होता. त्यात रोप उभं खुपसलं होतं, आडवं पडू नये म्हणून दोन बाजूंनी कपड्यांचे चिमटे. उजवा हात उचलून ह्यांनी पुट्टीवर ठेवला होता, नुसता वजन म्हणून. आणि डाव्या हातात ब्लेड. ब्लेडच्या मागच्या बाजूला चिकटपट्टी गुंडाळून मूठ केलेली. हे श्वास घ्यायचे, थांबायचे, आणि एकदाच कापायचे. डाव्या हाताला कंप होता. तरी कापलेली पाचर मी पाहिली, ती माझ्यापेक्षा शंभर पटीनं नीट होती. चिरेत बसवायला मात्र वहिनींची बोटं लागत होती. त्यांची बोटं जाड, पण हलकी.

"जेवलात का?" मी विचारलं.

"नाय जेवले," वहिनी म्हणाल्या. "मी बोलले दोनदा. ऐकत नाय."

झाकलेलं ताट तसंच होतं. मी ते गरम केलं आणि घास भरवायला बसले. ह्यांनी तोंड उघडलं, पण डोळे रोपावरच. मला तेव्हा रडू आलं असं म्हणायला बरं वाटलं असतं. खरं म्हणजे माझे पाय दुखत होते आणि हे सगळं पसरलेलं कधी आवरायचं, हे डोक्यात होतं.

कलमं प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात घालून, आत पाणी शिंपडून, सिलेंडरशेजारी ओट्याखाली अंधारात ठेवली. आठवडाभर उजेड दाखवायचा नाही, वारा लागू द्यायचा नाही. मला राहवायचं नाही, मी झाकण किलकिलं करायचे. हॉलमधून आवाज यायचा. "बंद." ह्यांना झाकणाचा आवाज तिथपर्यंत ऐकू यायचा.

बरीचशी याही वेळी गेली. काहींचा शेंडा सडला, काहींचा सांधा सुटला. जगली ती मोजकीच, आणि त्यातली दोन खरी धट्टीकट्टी निघाली. दसऱ्याच्या सुमाराला ती त्याच जुन्या कुंड्यांत, त्याच जुन्या मातीत लावली. माती बदलायची नाही, असा ह्यांचाच हुकूम होता. सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे, म्हणून मला तीन वेळा रोप उचलून परत लावायला लावलं.

झाडं वाढली. फुलं आल्यावर दरवर्षी घात व्हायचा ते दिवस आले, तसं आम्ही रोज दुपारी झाडाची चौकशी करायचो. म्हणजे मी ऑफिसमधून फोन करायचे आणि विचारायचे, "काय?" आणि हे म्हणायचे, "उभं." एवढाच फोन. आधी मी दुपारी फोन करायचे नाही, कारण ह्यांना उत्तरं द्यायला त्रास व्हायचा आणि मला ते ऐकायला. डिसेंबर संपला. पानं पडली नाहीत. हिरवी फळं ग्रिलमधून बाहेर लोंबायला लागली, आणि खालून जाणारी माणसं वर बघायला लागली. फिजिओथेरपीच्या मुलीनं फोटो काढले. पुट्टी कुठे गेली, हे तिनं विचारलं तेव्हा हे हसले. झटक्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा तसं हसताना पाहिलं, अर्ध्या चेहऱ्यानं.

पहिलं फळ लाल होत होतं तेव्हा, जानेवारीत, हे बाथरूममध्ये पडले. मी घरात होते, म्हणून बरं. दुसरा झटका. वहिनींचा मुलगा आणि वॉचमन ह्यांना खुर्चीत बसवून तीन मजले खाली घेऊन गेले, मी मागून चपला घेऊन. कुणाच्या चपला, का घेतल्या, ते आठवत नाही.

हॉस्पिटलचे दिवस सगळ्यांना माहीत असतात तसेच होते. मी बाकावर बसायचे, सह्या करायचे, कुणीतरी हाक मारली की उठायचे. झाडं माझ्या डोक्यातही नव्हती. एका संध्याकाळी वहिनी डबा घेऊन आल्या.

"सुकट केलीय," त्या म्हणाल्या. "तुमच्याच टोमॅट्याची. लाल झालते, पाखरं खायला लागली, म्हनून तोडले."

"ह्यांना मीठ चालत नाही."

"मीठ नाय घातलं. सुकट पन धुवून धुवून घेतली. चव नाय तिला."

ह्यांना तेव्हा बोलता येत नव्हतं, पण गिळता येत होतं. नर्सला विचारून मी सुक्या मासळीचा तो रस्सा चमच्यानं ओठांशी नेला. वास आल्यावर हे डोळे उघडून बघायला लागले. मी म्हटलं, "आपला टोमॅटो." त्यांनी दोन चमचे घेतले. तिसऱ्याला तोंड फिरवलं. उरलेलं मी बाहेर बाकावर बसून खाल्लं. मीठ नसलेली सुकट खरंच खाववत नाही. पण मला भूक लागली होती. मी डबा पुसून खाल्ला.

घरी आलो तेव्हा गॅलरीत एक झाड ओळखू येईना. वांग्याच्या बुंध्याला सांध्याखालून फुटवे आले होते आणि ते एवढे माजले होते, की वरचा टोमॅटो वाळून काडी झाला होता. मोठी मोठी पानं, खोडाला काटे. हे फुटवे दिसले की खुडायचे असतात. मी रोज खुडायचे, वहिनींना ते सांगायचं मला सुचलंच नव्हतं.

"मी रोज पानी घातलं," वहिनी म्हणाल्या. "वाढतंय म्हनून बरं वाटलं मना. चुकलं का काय?"

"नाही हो. चांगलं जपलंत."

ह्यांना मी खुर्चीसकट गॅलरीच्या दारात आणलं. बराच वेळ त्या झाडाकडे बघत राहिले. डाव्या हाताचं एक बोट पानाखाली घालून पान जरा उचललं.

"कापू का?" मी विचारलं.

मान हलली. नको. मग खूप वेळानं एक शब्द आला, अर्धवट. "जो... जोरात." जोरात वाढलंय, असं म्हणायचं होतं त्यांना.

दुसऱ्या झाडाला होळीपर्यंत टोमॅटो येत राहिले. मोठे नाहीत, आंबटसर. मी सार केलं, भाजीत घातले, थोडे मुलीबरोबर बंगळूरला पाठवले. त्याच सुमाराला मी नोकरी सोडली. सोडायची की नाही यावर वर्षभर विचार केला होता, आणि सोडताना दहा मिनिटं लागली. साहेब म्हणाले, "मॅडम, विचार करा." मी म्हटलं, "तेवढी ताकद नाही."

पुढच्या पावसाळ्यात मी काही पेरलं नाही. बी होतं, डबीत. ह्यांनी विचारलंही नाही. टेबलाशी पुन्हा त्यांना बसवता येणार नाही, हे आम्हा दोघांना कळलं होतं. आणि मला एकटीला ते ब्लेड हातात घ्यायचं नव्हतं. दुपारी ह्यांना झोपवलं की मी पण झोपायचे. कित्येक महिने मी फक्त झोपच काढली असं वाटतं. मशीनमध्ये कपडे राहून जायचे, वास यायचा, परत धुवायचे.

ऑक्टोबरात ह्यांच्या औषधांसाठी वाशीला गेले होते, तेव्हा रस्त्याकडेच्या नर्सरीत तयार कलमी रोपं दिसली. ट्रेमध्ये ओळीनं, प्रत्येकाला छोटी प्लास्टिकची क्लिप. विकणारा सांगत होता, मॅडम, नवीन आलंय, मरत नाही. मी म्हटलं, माहीत आहे. दोन रोपं घेतली. पिशवीत औषधं आणि रोपं एकत्रच.

घरी आल्यावर एक रोप ह्यांच्या डाव्या हातात दिलं. त्यांनी क्लिप असलेला भाग डोळ्यांजवळ नेला. अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं.

"काय झालं?"

"वा... वाकडं," हे म्हणाले. "जोड."

"असू दे. लावते."

मी बसून कुंडीतली माती मोकळी करायला लागले. कडक झाली होती, बोटं शिरत नव्हती. हे वरून बघत होते, आणि मी रोप जरा खोल बसवायला गेले की घशातून आवाज काढत होते.